मोजणीतली मी आणि शनिवारचं पत्र

शनिवारी सकाळी साडेसातच्या सुमाराला फोन एकदा थरथरतो. मी तेव्हा आठवड्याच्या कपड्यांच्या घड्या घालत असते. ड्रायरमधून काढलेला गरम ढीग सोफ्यावर, मी खाली गालिच्यावर, आणि फोन मोज्यांच्या राशीत कुठेतरी. न बघताही कळतं, काँग्रेसमनचं, म्हणजे अमेरिकी संसदेतल्या आमच्या प्रतिनिधीचं, पत्र आलं.

‘प्रिय मित्र’ अशी सुरुवात असते. या माणसाला मी एकदाही भेटलेले नाही. त्याला मी कधी मत दिलेलं नाही, आणि बरीच वर्षं तर द्यायला मतच नव्हतं. तरी गेली नऊ वर्षं मी हे पत्र वाचते आहे. नवरा म्हणतो, “अनसबस्क्राइब कर ना, कशाला डोक्याला ताप!” ते बटण अगदी तळाशी, बारीक अक्षरात आहे. तिथपर्यंत मी दर आठवड्याला पोचते, कारण पत्र शेवटपर्यंत वाचते.

आम्ही टेक्सासमध्ये राहतो आणि आमचा काँग्रेसमन रिपब्लिकन आहे. नुसता रिपब्लिकन म्हटलेलं त्याला पुरत नाही, ‘काँझर्व्हेटिव्ह’ हा शब्द तो स्वतःच दर पत्रात एकदा तरी वापरतो. पत्राचा साचा ठरलेला. वर फोटो: कधी चौकटीच्या शर्टात गुराढोरांच्या कुंपणाला टेकलेला, कधी समितीच्या बैठकीत बोट वर करून कुणाला तरी फैलावर घेताना. त्याखाली देशापुढचे प्रश्न. सीमा, कर्ज, आणि ‘वॉशिंग्टन’. वॉशिंग्टनबद्दल तो असं लिहितो की ते एखादं परकं राज्य आहे आणि हा तिथं वकिलातीत अडकून पडला आहे. दर दोन वर्षांनी तिथंच जायला मतं मागतो, ही गोष्ट वेगळी.

मग खाली, जरा लहान अक्षरांत, मतदारसंघ. हायस्कूलच्या मुलांची चित्रकला स्पर्धा. युद्धात लढून आलेल्या म्हाताऱ्यांच्या सभागृहात घेतलेली कॉफी. कॅपिटॉलवर, म्हणजे संसदेच्या इमारतीवर, फडकवलेला झेंडा हवा असेल तर अर्ज कुठे करायचा. (ही झेंड्याची प्रथा १९३७ पासूनची. इमारतीच्या छतावर माणसं दिवसभर झेंडे चढवतात, लगेच उतरवतात, घडी करून खोक्यात भरतात. मला त्या माणसांबद्दल एक आत्मीयता वाटते. शनिवारी मी तेच करत असते.) सगळ्यात शेवटी एक जनमत चाचणी. प्रश्न असा घातलेला असतो की ‘नाही’ म्हणणाऱ्याला आपण देशद्रोही तर नाही ना अशी शंका यावी.

एका शनिवारी मी पत्रातले ‘मी’ मोजले. कारण होतं. काँग्रेसच्या सदस्यांना मतदारांना सरकारी खर्चानं पत्रं पाठवता येतात, तिकिटाऐवजी सही चालते. ही सवलत देशाहून जुनी आहे. स्वातंत्र्याचा जाहीरनामा व्हायच्या आधी, १७७५ मध्ये, वसाहतींच्या काँटिनेंटल काँग्रेसनं ती घेतली. पुढे गैरवापराची ओरड झाली, १८७३ मध्ये ती काढून टाकली, आणि वीस-पंचवीस वर्षांत ती हळूहळू परत आली. गेलेली सवलत परत येते, हा नियम बहुतेक सगळ्याच विधिमंडळांना लागू असावा. पण परत येताना ती नियमांचं लटांबर घेऊन आली. सरकारी खर्चाच्या पत्रात मत मागायचं नाही. नुसतं सणाच्या शुभेच्छांचं कार्ड पाठवायचं नाही. निवडणुकीआधीचे ६० दिवस घाऊक टपाल बंद. आणि एकेकाळच्या नियमांत तर असंही होतं की एका पानावर सदस्याचा स्वतःचा उल्लेख सरासरी आठ वेळांपेक्षा जास्त नको. ‘मी’वर रेशन! हे वाचलं आणि मी लगेच आमच्या पत्रात मोजायला बसले. तेवीस भरले. अर्थात ईमेलला पान नसतं, त्यामुळे आठाचा हिशेब कुठे लावणार? पत्र बोटानं वर सरकत राहतं आणि ‘मी’ खालून येत राहतात.

कर्जाचा आकडा मात्र तो इमानानं देतो, हे कबूल केलं पाहिजे. २०२४ च्या नोव्हेंबरात देशाचं कर्ज ३६ ट्रिलियन डॉलरच्या वर गेलं, ते मला पहिल्यांदा त्याच्याच पत्रातून कळलं. आपल्या मोजणीत ३६ लाख कोटी डॉलर. मी घडी घालता घालता शून्यं मोजली आणि एक टॉवेल दोनदा घडी केला. त्याच पत्रात, चार बोटं खाली, आमच्या भागातल्या एका चौकाच्या रुंदीकरणाला केंद्राचा निधी मिळाल्याची बातमी होती. सदस्यांनी आपापल्या मतदारसंघातल्या कामांसाठी असे पैसे मागण्याची पद्धत २०११ मध्ये उधळपट्टी म्हणून बंद केली गेली. २०२१ मध्ये ती नव्या नावानं परतली, ‘कम्युनिटी प्रोजेक्ट फंडिंग’. आमच्या काँग्रेसमननं पहिल्या वर्षी नाक मुरडलं. नंतर मागितलं. नवरा याला ढोंग म्हणतो. मी त्या चौकातून रोज दोनदा जाते, डावीकडे वळायला तीन सिग्नल लागतात, त्यामुळे माझं मत तितकं कडक नाही.

एकदा नव्या वर्षाच्या पत्रात त्यानं एडमंड बर्कचं नाव घेतलं होतं. काँझर्व्हेटिव्ह विचारांचा मूळपुरुष वगैरे. मी बर्क शोधायला गेले आणि तिथंच रमले. ३ नोव्हेंबर १७७४ ला इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमधून ब्रिटिश संसदेवर निवडून आल्यावर बर्कनं मतदारांना जे सांगितलं ते असं: प्रतिनिधी तुम्हाला नुसते कष्ट देणं लागत नाही, स्वतःची बुद्धीही देणं लागतो, आणि तुमच्या मतापुढे त्यानं ती बुद्धी गहाण टाकली तर तो तुमची सेवा करत नाही, विश्वासघात करतो. ऐकायला भारी. ब्रिस्टलच्या व्यापाऱ्यांनी सहा वर्षं ते सहन केलं. आयर्लंडच्या व्यापाराला सवलती द्याव्यात, कॅथलिकांवरचे निर्बंध सैल करावेत, असं बर्क म्हणत राहिला, आणि गावाला ते नको होतं. १७८० मध्ये वारा कुठला आहे ते बघून त्यानं तिथल्या निवडणुकीतून अंग काढून घेतलं. आमच्या काँग्रेसमननं हा दुसरा भाग पत्रात घातला नव्हता.

माझ्या मते त्याची खरी वंशावळ बर्ककडे जातच नाही. ती जाते अमेरिकेच्या अगदी सुरुवातीच्या काळातल्या काँग्रेस-सदस्यांकडे, विशेषतः दक्षिणेतल्या आणि डोंगरापलीकडच्या भागांतल्या. हे लोक अधिवेशन संपता संपता एक पत्र छापून घेत आणि त्याच्या शेकडो प्रती घरी धाडत: फ्रान्सशी काय चाललंय, कर किती बसणार, राष्ट्राध्यक्ष कुठे चुकतोय. वर्तमानपत्र न पोचणाऱ्या वस्त्यांवर ते पत्र हातोहात फिरे. व्हर्जिनियाचा सॅम्युएल कॅबेल हा त्यातला एक. १७९७ मध्ये रिचमंडला फेडरल कोर्टाच्या ग्रँड ज्युरीनं, म्हणजे आरोप तपासणाऱ्या नागरिकांच्या पंचमंडळानं, त्याचं नाव घेऊन ठपका ठेवला की ही पत्रं लोकांत सरकारविरुद्ध खोटंनाटं पसरवतात. तेव्हा उपराष्ट्राध्यक्ष असलेला थॉमस जेफरसन स्वतः कॅबेलच्याच मतदारसंघातला. तो खवळला. आपलं नाव न घालता त्यानं एक अर्ज लिहून दिला, त्यातला मुद्दा असा की प्रतिनिधी आणि मतदार यांच्यातल्या पत्रव्यवहारात न्यायाधीशानं नाक खुपसणं म्हणजे त्या नात्याचाच गळा घोटणं. कॅबेलवर खटला झाला नाही. पण पुढच्याच वर्षी राजद्रोहाचा कायदा आला आणि व्हरमाँटचा सदस्य मॅथ्यू लायन त्यात सापडला. वर्तमानपत्रात छापलेल्या पत्रात त्यानं राष्ट्राध्यक्ष ॲडम्सवर टीका केली होती. चार महिने तुरुंग, हजार डॉलर दंड. मतदारांनी त्याला तुरुंगात असतानाच पुन्हा निवडून दिलं.

हे वाचल्यापासून शनिवारच्या पत्राकडे मी जरा वेगळ्या नजरेनं बघते. चौकटीच्या शर्टातला हा गृहस्थ ‘वॉशिंग्टननं तुमच्या खिशात हात घातलाय’ असं लिहितो, तेव्हा त्यामागे कुणी तरी तुरुंगात जाऊन आलेलं आहे. त्याला स्वतःला हे ठाऊक असेल का, शंका आहे. पत्र बहुधा तिशीच्या आतलं कुणी तरी लिहितं.

याच राज्यात अशा पत्राचा एक वेगळा नमुनाही होऊन गेला. मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्याकडचा काँग्रेसमन रॉन पॉल, पेशानं बाळंतपणं करणारा डॉक्टर, ‘टेक्सास स्ट्रेट टॉक’ नावाचं साप्ताहिक टिपण लिहायचा. काँझर्व्हेटिव्हांतला काँझर्व्हेटिव्ह, आणि तरी स्वतःच्या पक्षाच्या अंगावर जाणारा. २००२ च्या ऑक्टोबरात इराकवरच्या युद्धाला परवानगी देण्याचा ठराव आला तेव्हा प्रतिनिधीगृहातल्या फक्त सहा रिपब्लिकनांनी विरोधात मत दिलं, त्यांत तो होता. त्याची बरीच मतं मला पटत नाहीत. पण त्याच्या लिखाणात पुढचं वाक्य काय येणार ते आधी कळत नाही. आमच्याकडच्या पत्रात कळतं. नऊ वर्षांत आमच्या काँग्रेसमननं पक्षापेक्षा वेगळं काही म्हटल्याचं मला आठवत नाही, आणि माझी स्मरणशक्ती तशी बरी आहे.

आता माझी गोष्ट.

नागरिकत्वाचा अर्ज केला, बोटांचे ठसे दिले, आणि सगळं थांबलं. पंधरा महिने. संगणकावर एकच ओळ दिसायची: तपासणी सुरू आहे. फोन केला की संगीत, संगीतानंतर यंत्र, यंत्रानंतर पुन्हा तीच ओळ एका थकलेल्या माणसाच्या आवाजात. २०२४ च्या मार्चमध्ये एका मैत्रिणीनं सांगितलं, “अगं, काँग्रेसमनच्या ऑफिसात फोन कर. त्यांचं कामच ते.” मी म्हटलं, त्याला मी कोण? मला तर मतही नाही. आणि दर शनिवारी मी वाचते आहे की माझ्यासारख्यांचं काय करायला हवं. म्हणजे अगदी माझ्यासारख्यांचं नव्हे, मी रीतसर आलेली, पण त्या परिच्छेदांत रीतसर आणि बिनरीतसर यांतली रेघ पुसट होत जाते हे पुष्कळदा पाहिलेलं.

तरी केला फोन. एका बाईनं उचलला. आवाज मऊ, टेक्सासचा हेल, प्रत्येक वाक्याच्या टोकाला ‘मॅम’. मी घाईघाईनं माझं रडगाणं सुरू केलं. तिनं थांबवून एकच विचारलं: “मॅम, तुमचा झिप कोड?” मी सांगितला. “बरं, तुम्ही आमच्याच.” नागरिक आहात का, मत कुणाला देता, काही नाही. मग एक कागद पाठवला. माझी माहिती नागरिकत्वाच्या खात्याकडे मागायला १९७४ च्या गोपनीयता कायद्यानुसार माझी सही लागते, तो. सही केली, स्कॅन करून धाडला, आणि विसरायचा प्रयत्न केला.

८ मे २०२४, बुधवार. प्रतिनिधीगृहानं एक विधेयक २०६ विरुद्ध २०२ मतांनी मंजूर केलं. जनगणनेत प्रत्येकाला नागरिक आहात का हे विचारायचं, आणि राज्यांना प्रतिनिधीगृहातल्या जागा वाटताना नागरिक नसलेल्यांना गणतीतून वगळायचं. ११ तारखेच्या शनिवारी पत्रात ते सगळ्यात वर होतं. आमच्या काँग्रेसमननं अर्थातच बाजूनं मत दिलेलं. त्याचा युक्तिवाद समजायला अवघड नव्हता: प्रतिनिधित्व नागरिकांचं असतं, मग बाकीच्यांना मोजून एखाद्या राज्याला जास्तीची जागा का द्यायची? वाक्यं सुटसुटीत होती, आणि मी गालिच्यावर बसून स्वतःला त्यातून वजा करून बघत होते. राज्यघटनेची १८६८ सालची चौदावी दुरुस्ती ‘व्यक्ती’ मोजायला सांगते, त्यामुळे ४३५ जागांच्या वाटणीत मी आजवर पुरती एक होते. २०२० च्या जनगणनेनंतर एका मतदारसंघात सरासरी सात लाख एकसष्ट हजार माणसं पडतात. त्यातल्या एकीनं त्या दिवशी जरा वेळ घड्या घालणं थांबवलं. गंमत म्हणजे अशी वजाबाकी खरंच झाली असती तर तिची झळ ज्या राज्यांना बसली असती, त्यांत आमचं टेक्सासही आलं असतं. त्याबद्दल पत्रात एक अक्षर नव्हतं. विधेयक पुढे सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, अडकलं, कायदा झाला नाही.

पुढच्या गुरुवारी त्या मऊ आवाजाच्या बाईचा फोन आला. माझी फाइल एका कचेरीतून दुसरीकडे हलवताना वाटेत कुठे तरी पडून राहिली होती. तिनं तीनदा विचारणा केली होती, त्यातली एक मला माहीतही नव्हती. “आता पुढच्या महिन्यात मुलाखतीची तारीख येईल, मॅम. बघत राहा.” मी काही तरी बोलले, बहुधा जास्तच बोलले. ती म्हणाली, “कामच आहे आमचं.”

मी फोन ठेवला आणि शनिवारचं पत्र पुन्हा उघडलं. वरपासून खालपर्यंत चाळलं. तिच्या खोलीचा, तिच्या टेबलाचा कुठे उल्लेख? तळाशी एक ओळ आहे: ‘सरकारी खात्याशी संबंधित अडचण असल्यास आमच्याशी संपर्क साधा.’ झेंड्याच्या अर्जाच्या खाली. एकाच माणसाची दोन कार्यालयं. एकात माझी बेरीज खोडायचं ठरत होतं, दुसऱ्यात माझी हरवलेली फाइल शोधली जात होती. आणि गाजावाजा मात्र पहिल्याचाच. मला यात विसंगती दिसली तशी त्या बाईला दिसत असेल का? तिच्या खोलीतही साहेबांचा फोटो लावलेला असणारच, बोट वर केलेला.

रात्री जेवणं झाली की नवरा परीक्षेचे प्रश्न विचारायचा. तेव्हा शंभर प्रश्नांची पुस्तिका होती, त्यातले दहापर्यंत विचारायचे, सहा आले की पास. “प्रतिनिधीगृहात मतदान करणारे सदस्य किती?” चारशे पस्तीस. “काही राज्यांना इतरांपेक्षा जास्त प्रतिनिधी का असतात?” लोकसंख्येमुळे, त्या राज्यांत जास्त माणसं असतात म्हणून. नवरा पुस्तिकेवरून मान वर करून म्हणाला, “माणसं की नागरिक?” मी म्हटलं, पुस्तिकेत माणसं लिहिलंय. पुढचा प्रश्न विचार.

मुलाखतीच्या दिवशी टेबलापलीकडे एक पोक्त अधिकारी होता, चष्मा कपाळावर. चौथा प्रश्न: “तुमच्या भागाच्या काँग्रेसमनचं नाव सांगा.” पुस्तिकेत या प्रश्नाखाली उत्तर छापलेलंच नसतं, उत्तरं बदलत असतात असं लिहिलेलं असतं. मी नाव सांगितलं. पहिलं नाव, मधलं अक्षर, आडनाव, आणि आडनावापुढचं ‘ज्युनियर’. अधिकाऱ्यानं चष्मा खाली ओढला. “ओळखीचे आहेत का?” मी म्हटलं, पत्रव्यवहार आहे.

शपथ ऑगस्टमध्ये झाली. नोव्हेंबरात मत दिलं, त्याला नाही दिलं, आणि तो आरामात निवडून आला. त्याआधी मी त्याला आभाराचं पत्र लिहिलं होतं, चार ओळींचं, त्या बाईचं नाव घालून. म्हटलं, मत नाही तर निदान हे. सहा आठवड्यांनी उत्तर आलं, जाड कागदावर, निळ्या सहीचं: ‘प्रिय मित्र, स्थलांतराच्या प्रश्नावर आपलं मत कळवल्याबद्दल आभार. आपली सीमा सुरक्षित करणं...’ पुढचं मला पाठ होतं. नवरा इतका हसला की त्याला ठसका लागला.

बाईचे आभार मात्र राहून गेले होते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये टेक्सासच्या विधिमंडळानं मतदारसंघांचे नकाशे पुन्हा आखले, जनगणना नसताना, मधेच. कोर्टकज्जे झाले. मी नव्या नकाशात आमची गल्ली शोधली. रेघ आमच्या घरामागच्या नाल्यावरून गेली आहे, आणि आम्ही तिच्या दुसऱ्या बाजूला. त्या तिरीमिरीतच मी एके दिवशी ऑफिसात फोन लावला आणि बाईचं नाव घेतलं. उचलणारा कुणी कोवळा मुलगा होता. ती आता इथे नाही म्हणाला, दुसरीकडे लागली. काही काम होतं का?

काम काही नाही, म्हटलं. फक्त तिला निरोप द्यायचा होता.

“तुमचा झिप कोड, मॅम?”

मी सांगितला. कळफलकाचा आवाज आला, मग जरा वेळ काहीच नाही.

“२०२७ च्या जानेवारीपर्यंत तुम्ही आमच्याच.”